सर्दीच्या नावानं झोपेची गोळी

मे २०२२ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं एक मसुदा काढला. सोळा औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू द्यावीत, असा प्रस्ताव त्यात होता. पॅरासिटामॉल, चूळ भरायचं क्लोरहेक्सिडिन, बद्धकोष्ठतेवरचं लॅक्ट्युलोज, अंगाला लावायचं कॅलामाइन, चोंदलेल्या नाकाचे थेंब अशी ती यादी. पाच दिवसांपेक्षा जास्त घेऊ नये, त्रास थांबला नाही तर डॉक्टरांकडे जावं, अशी अटही घातलेली होती. यातल्या बहुतेक नावांवर हरकत घ्यावी असं काही नाही. ॲलर्जीसाठी मात्र त्यात डायफेनहायड्रामिन होतं, २५ मिलिग्रॅमची कॅप्सूल. तिथं मी अडले, आणि अजून अडलेली आहे.

डायफेनहायड्रामिन हे १९४३ साली अमेरिकेतल्या सिनसिनाटीत जॉर्ज रिव्हशल यांनी तयार केलेलं औषध. १९४६ पासून ते बेनाड्रिल या नावानं बाजारात आलं. अँटिहिस्टामिन या ॲलर्जीवरच्या औषधांच्या गटातलं हे सर्वांत जुन्यांपैकी एक आणि सर्वांत जास्त झोप आणणाऱ्यांपैकीही एक. खुल्या विक्रीसाठी ॲलर्जीचं एक औषध निवडायची वेळ आली, आणि आपण नेमकं हेच उचललं. माझं म्हणणं असं आहे की चिठ्ठीशिवाय द्यायचं औषध झोप न आणणारं असायला हवं. जुनी अँटिहिस्टामिन्स दुकानात राहणारच असतील तर ‘झोप येते, गाडी चालवू नका’ हे मराठीत, हिंदीत आणि चित्रात, प्रत्येक गोळीच्या मागं छापलेलं असायला हवं. मी परळला औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. हा प्रश्न माझ्यासमोर रोज काउंटरवर येतो, म्हणून लिहिते आहे.

आधी औषध नेमकं काय करतं ते पाहू, कारण सगळा वाद तिथंच आहे.

हिस्टामिन म्हटलं की शिंका आणि खाज आठवते. धूळ, परागकण, बुरशी असं काही शरीराला खटकलं की नाकातल्या, त्वचेतल्या मास्ट पेशी हिस्टामिन सोडतात. ते पेशींवरच्या एच-१ नावाच्या रिसेप्टरला, म्हणजे संदेश घेणाऱ्या जागेला, जाऊन चिकटतं, मग नाक गळतं, डोळे चुरचुरतात, अंगावर गांधी उठतात. अँटिहिस्टामिन त्या रिसेप्टरवर आधीच जाऊन बसतं आणि त्याला शांत ठेवतं. इथपर्यंत सगळं ठीक. पण हेच हिस्टामिन मेंदूत वेगळं काम करतं. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसच्या मागच्या भागात चेतापेशींचा एक छोटा पुंजका आहे. या पेशी दिवसभर हिस्टामिन सोडत राहतात आणि त्यावर अख्ख्या मेंदूची जाग चालते. आपण झोपलो की त्या गप्प होतात. म्हणजे मेंदूतला एच-१ अडवणं याचा अर्थ जाग अडवणं.

१९३७ साली पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये डॅनिएल बोव्हे आणि ॲन-मारी स्टॉब यांना पहिलं अँटिहिस्टामिन सापडलं. ते माणसांना देण्याजोगं नव्हतं, पण वाट मिळाली. बोव्हेंना १९५७ चं नोबेल मिळालं. त्या वाटेवरून पुढच्या बारा-पंधरा वर्षांत डायफेनहायड्रामिन, प्रोमेथाझिन, फेनिरामिन, क्लोरफेनिरामिन अशी एकामागोमाग एक औषधं आली. फेनिरामिन म्हणजे आपल्याकडचं एव्हिल. क्लोरफेनिरामिन म्हणजे सीपीएम, सर्दीच्या बहुतेक मिश्र गोळ्यांमध्ये आणि सिरपमध्ये असतं ते. या सगळ्यांचे रेणू लहान, चरबीत सहज विरघळणारे. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये जो अडसर आहे तो ते विनासायास ओलांडतात. फेक्सोफेनाडिनसारखं नंतरच्या पिढीतलं औषध तिथं जवळजवळ पोचतच नाही. थोडंफार आत गेलंच तर पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा पंप त्याला परत रक्तात ढकलतो.

त्यामुळं ‘या गोळीचा साइड इफेक्ट म्हणून जरा झोप येते’ हे वाक्य मला पटत नाही. औषध मेंदूत शिरतं आणि जागेपणाचा रिसेप्टर बंद करतं, हे त्याचं मुख्य कामच झालं. ही औषधं मेंदूवर किती जोरात चालतात याचा पुरावा इतिहासातही आहे. प्रोमेथाझिनच्या रेणूत फेरफार करत करतच फ्रान्समध्ये क्लोरप्रोमाझिन तयार झालं, आणि १९५२ पासून त्यानं स्किझोफ्रेनियाचे उपचार बदलून टाकले.

शिवाय जुनी औषधं एच-१ वर थांबत नाहीत. ॲसिटिलकोलीन या चेतापेशींच्या दुसऱ्या एका संदेशवाहक रसायनाचे मस्करिनिक नावाचे रिसेप्टरही ती अडवतात. तोंडाला कोरड पडते, जवळचं धूसर दिसतं, पोट साफ होत नाही, लघवी तुंबते. साध्या सर्दीत नाक वाहायचं थोडं थांबतं ते बरंचसं या कोरडेपणामुळं. सर्दीच्या विषाणूवर या गोळीचा काहीही परिणाम नसतो. मोठ्या माणसांना पहिले एक-दोन दिवस किंचित आराम वाटतो, त्यानंतर घेतली काय नि न घेतली काय, सारखंच.

आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. ‘मला नाही येत झोप, माझ्या अंगवळणी पडलीय’ असं लोक छातीठोक सांगतात. २००० साली अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. गाडी चालवण्याचा आभास देणाऱ्या यंत्रात चाळीस जणांना बसवलं. एकदा डायफेनहायड्रामिन, एकदा फेक्सोफेनाडिन, एकदा दारू, एकदा नुसतीच खोटी गोळी. दारू रक्तात सुमारे ०.१ टक्क्यापर्यंत नेली होती, म्हणजे आपल्या मोटार वाहन कायद्यातल्या १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅम या मर्यादेच्या तिपटीहून जास्त. गाडी सर्वांत वाईट चालवली गेली ती डायफेनहायड्रामिन घेतल्यावर, दारूपेक्षाही वाईट. फेक्सोफेनाडिन घेतलेल्यांत आणि खोटी गोळी घेतलेल्यांत फरक दिसला नाही. आणि ज्याला झोप येतेय असं वाटत होतं तोच वाईट चालवत होता, असंही नव्हतं. स्वतःला काय वाटतं यावरून गाडी कशी चालेल याचा नीट अंदाज बांधता येत नव्हता. जपानच्या तोहोकू विद्यापीठात काझुहिको यानाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच पेट (PET) स्कॅन करून, म्हणजे औषध मेंदूत कुठं बसलंय ते दाखवणाऱ्या तपासणीनं, पाहिलं. जुन्या औषधांच्या नेहमीच्या डोसला मेंदूतले साधारण निम्मे एच-१ रिसेप्टर व्यापलेले दिसतात, कधी त्याहून जास्त. फेक्सोफेनाडिननं जवळपास एकही नाही.

रात्री घेतली की सकाळपर्यंत उतरते, हाही असाच एक समज. क्लोरफेनिरामिन रक्तात निम्म्यावर यायला मोठ्या माणसात वीस तासांच्या आसपास लागतात. रात्री दहाला घेतलेल्या गोळीतलं निम्म्याहून कितीतरी जास्त औषध सकाळी सहाला अंगात असतं. सकाळी सहाला या शहरात कोण काय करत असतं ते आठवून पाहा. भाजीचे टेम्पो वाशीहून निघालेले असतात, दुधाच्या गाड्या फिरत असतात, पहिल्या पाळीचा ड्रायव्हर बस डेपोतून काढत असतो, वेल्डर पाइपांच्या परांचीवर चढत असतो. अमेरिकेतल्या विमान वाहतूक खात्यानं वैमानिकांना सांगून ठेवलंय की डायफेनहायड्रामिन घेतल्यावर ६० तास विमानाला हात लावू नका. नाक्यावरच्या नाकाबंदीत फुंकायला लावतात तेव्हा दारू सापडते, गोळी सापडत नाही. म्हणून हा धोका आकड्यांत येतच नाही, आणि आकड्यांत येत नाही म्हणून कुणी मनावर घेत नाही.

दुकानात काय होतं ते सांगते. पावसाळ्यात भिंतींना बुरशी येते, हिवाळ्यात धुरकं आणि बांधकामांची धूळ. परळ-लालबागच्या गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहताहेत, ती धूळ आमच्या काउंटरवरही बसते. शिंकणारा माणूस येतो आणि म्हणतो, ‘ताई, सर्दीच्या दोन गोळ्या कापून द्या.’ दहा गोळ्यांची स्ट्रिप असते. मजकूर आडवा, सगळ्या स्ट्रिपभर छापलेला, इंग्रजीत, वाचायला भिंग लागावं इतका बारीक. कात्री लावली की हातात येतो तो दोन गोळ्यांचा चौकोन. त्यावर कधी ब्रँडच्या नावाचा मागचा अर्धा भाग असतो, कधी कंपनीच्या पत्त्याचा तुकडा, कधी नुसतीच चांदीसारखी कोरी पट्टी. झोपेबद्दलची ओळ आणि मुदतीची तारीख दुकानातल्या उरलेल्या आठ गोळ्यांकडे राहते. या औषधांची नावं औषध नियमांच्या अनुसूची ‘जी’ मध्ये आहेत. वैद्यकीय देखरेखीशिवाय घेणं धोक्याचं आहे, असा इशारा लेबलवर छापणं त्यामुळं बंधनकारक आहे. तो इशारा छापला जातो, आणि कात्रीखाली जातो.

परवा एक टॅक्सीवाले काका आले, नाक लाल, डोळ्यांत पाणी.
‘ती नेहमीची पिवळी गोळी द्या.’
‘काका, आता गाडी चालवायचीय का?’
‘हो तर, विमानतळाचं भाडं आहे.’
‘मग ही घेऊ नका. तुमच्या डॉक्टरांना सांगा, ड्रायव्हर आहे, झोप न येणारी लिहून द्या.’
‘अहो, सर्दीसाठी डॉक्टरला दोनशे रुपये कोण देणार?’ असं म्हणून ते निघाले. तीन दुकानं सोडून पुढं आणखी एक केमिस्ट आहे.

काकांचा मला राग नाही. त्यांचा हिशेब बरोबर आहे. चुकीची आहे ती सोय, जी त्यांना झोपेची गोळी सर्वांत सहज आणि सर्वांत स्वस्त मिळवून देते आणि तीबद्दल त्यांच्या भाषेत एक शब्द सांगत नाही.

स्वस्ताईचा मुद्दा खरा आहे, त्याला बगल देऊन चालणार नाही. सीपीएमची गोळी पैशांत पडते आणि फेक्सोफेनाडिनची रुपयांत. पण या दोनच्या मधे सेट्रिझिन आहे. ते राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहे, त्याची किंमत सरकारनं बांधलेली आहे, आणि जुन्यांपेक्षा ते मेंदूत कमी शिरतं. कमी म्हणजे शून्य नव्हे, हेही सांगितलं पाहिजे. सेट्रिझिननं झोप येणारी माणसं मी रोज पाहते, आणि ड्रायव्हरला मी तेही सुचवणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत ॲलर्जीसाठी लोराटाडिन आहे, तेही जुनं झालेलं, पेटंट केव्हाच संपलेलं जेनेरिक. अमेरिकेनं लोराटाडिन २००२ मध्ये, सेट्रिझिन २००७ मध्ये आणि फेक्सोफेनाडिन २०११ मध्ये चिठ्ठीशिवाय खुलं केलं. तिथं डायफेनहायड्रामिन आधीपासून खुलं होतं. तिथल्या ॲलर्जीतज्ज्ञांनी २०२५ मध्ये वर्ल्ड ॲलर्जी ऑर्गनायझेशनच्या नियतकालिकात त्याला आता निरोप द्या असं स्पष्ट लिहिलं. ज्यांच्याकडे ते घराघरात आहे ते काढायला निघालेत, आणि आपण ते घराघरात पोचवायचा मसुदा करतो.

नवं म्हणजे चांगलंच, असं मी म्हणत नाही. दुसऱ्या पिढीतलं पहिलं गाजलेलं औषध टर्फेनाडिन. बुरशीवरच्या किंवा काही अँटिबायोटिक गोळ्यांबरोबर घेतलं तर ते हृदयाची लय बिघडवायचं, माणसं दगावली, आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटी ते अमेरिकेच्या बाजारातून गेलं. फेक्सोफेनाडिन हे टर्फेनाडिनचंच शरीरात बदलून तयार होणारं रूप, हृदयाचा तो धोका नसलेलं. त्यालाही एक पथ्य आहे: संत्र्याच्या किंवा सफरचंदाच्या रसाबरोबर घेतलं तर ते पोटातून नीट शोषलं जात नाही, साध्या पाण्याबरोबर घ्यावं. ही गोष्टही काउंटरवर कुणी सांगत नाही.

काही जण ही गोळी झोपेसाठीच नेतात, विशेषतः वयस्कर माणसं. ‘झोपेच्या गोळीपेक्षा सर्दीची बरी, सवय लागत नाही.’ डायफेनहायड्रामिन रोज घेतलं तर तीन-चार दिवसांत झोप आणण्याचा गुण विरत जातो, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. तोंडाची कोरड, लघवीचा त्रास, गोंधळलेपण मात्र राहतं. प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांची लघवी एका रात्रीत पूर्ण तुंबू शकते. काचबिंदूचा एक प्रकार असलेल्या डोळ्यात दाब वाढू शकतो. अंधारात उठताना तोल जातो आणि खुब्याचं हाड मोडतं. अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटी पासष्टीपुढच्यांसाठी टाळायच्या औषधांची यादी काढते, तीत पहिल्या पिढीची सगळी अँटिहिस्टामिन्स आहेत. घरात ज्येष्ठ मंडळी असतील तर त्यांच्या डब्यातल्या गोळ्या एकदा बघाच.

लहान मुलांबद्दल तर माझा संयम सुटतो. क्लोरफेनिरामिन आणि चोंदलेलं नाक मोकळं करणारं फेनिलएफ्रिन यांचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, तसं लेबलवर लिहावं, असा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये काढला. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात कोल्ड्रिफ सिरपनं वीसहून अधिक मुलं गेली. त्यांचा जीव घेतला तो सिरपमध्ये मिसळलेल्या डायइथिलीन ग्लायकॉलनं, अँटिहिस्टामिननं नव्हे, हे नीट लक्षात ठेवायला हवं. मुंबईला हे विष नवं नाही. १९८६ मध्ये जे. जे. रुग्णालयात याच विषानं भेसळलेल्या ग्लिसरिननं चौदा रुग्ण गेले आणि न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला. पण कोल्ड्रिफमध्ये पॅरासिटामॉलबरोबर तेच क्लोरफेनिरामिन आणि तेच फेनिलएफ्रिन होतं. भेसळ नसती तरी ती बाटली चार वर्षांखालच्या मुलाच्या तोंडाजवळ जायला नको होती. आदेश निघून दोन वर्षं होत आली होती. ऑक्टोबरमध्येच केंद्रानं पुन्हा सांगितलं की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊच नका आणि पाच वर्षांखाली शक्यतो नको. तरीही ‘बाळ रात्रभर रडतंय, जरा झोपेल असं काहीतरी द्या’ ही मागणी थांबलेली नाही. प्रोमेथाझिननं दोन वर्षांखालच्या मुलांचा श्वास मंदावून मृत्यू झालेले आहेत. काही मुलं या औषधांनी उलट चेकाळतात, मग आई आणखी अर्धा चमचा देते.

जुन्या औषधांना जागाच नाही, असं मात्र नाही. गणपतीला कोकणात निघालेल्या एसटीत घाट लागायच्या आधी कितीतरी घरांत ॲव्होमिन काढली जाते. ती प्रोमेथाझिनच. गाडी लागते ती कानातल्या तोलाच्या यंत्रणेकडून मेंदूकडे जाणाऱ्या संदेशांच्या गोंधळामुळं. त्या संदेशांच्या वाटेत हिस्टामिन आणि ॲसिटिलकोलीन दोन्ही असतात, म्हणून तिथं मेंदूत शिरणारं, दोन्ही अडवणारं औषधच लागतं. फेक्सोफेनाडिन घेऊन घाटातली मळमळ थांबणार नाही. प्रवाशानं जरूर घ्यावी, निघण्याच्या तासभर आधी घ्यावी. त्याच गाडीच्या ड्रायव्हरनं घेऊ नये. रुग्णालयात एव्हिलचं इंजेक्शनही उपयोगी आहे, फक्त श्वास कोंडणाऱ्या, रक्तदाब कोसळवणाऱ्या तीव्र ॲलर्जीत पहिलं औषध ॲड्रेनॅलिन असतं. एव्हिल देऊन वाट बघत बसणं तिथं जिवावर बेतू शकतं.

मग करायचं काय? फ्रान्समध्ये औषधाच्या खोक्यावर त्रिकोणात गाडीचं चित्र असतं. पिवळं म्हणजे सांभाळून, नारिंगी म्हणजे डॉक्टर किंवा फार्मासिस्टला विचारल्याशिवाय चालवू नका, लाल म्हणजे चालवूच नका. आपल्याकडे गोळ्या कापून विकल्या जातात, म्हणून खोक्यावर छापून भागणार नाही, फॉइलवर प्रत्येक गोळीच्या मागं ते चित्र हवं, औषधाचं नाव आणि मुदतही. फॉइलवर छपाई आजही होतेच, मजकूर आणि मांडणी तेवढी बदलायची आहे. लेबलचे नियम दिल्लीत ठरतात, त्यामुळं हे काम केंद्राचं. राज्याच्या हातात काय आहे, ते वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अन्न व औषध प्रशासनाला ठाऊक आहे. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्सनं औषध देताना रुग्णाला समजावून सांगणं ही आम्हा फार्मासिस्टची जबाबदारी ठरवली आहे. संध्याकाळी सात ते नऊच्या गर्दीत किती दुकानांत ती पाळली जाते, हे मी आमच्याच व्यवसायातल्या लोकांना विचारते आहे. गाडी किंवा मशीन चालवता का, वय किती, लघवीचा किंवा काचबिंदूचा त्रास आहे का, आणि आज दारू घेणार आहात का, एवढे चार प्रश्न. अर्धं मिनिट लागतं.

तपासणीला येणारे निरीक्षक खरेदीची बिलं पाहतात, फ्रिजचं तापमान पाहतात, मुदत संपलेला माल वेगळा ठेवलाय का पाहतात. त्यांनी एखाद्या संध्याकाळी ओळख न देता रांगेत उभं राहावं, दोन सर्दीच्या गोळ्या मागाव्यात, आणि त्या देणाऱ्यानं त्यांना काही विचारलं का, याची नोंद अहवालात करावी.